आईचा उजवा पाय आणि माझी गाडी

वसईहून स्वतःच्या गाडीने श्रीलंकेला जायचं, असं मी ठरवलं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. मीच जाहीर केलं, रविवारच्या मिस्सेनंतर, चर्चच्या आवारात, चार माणसांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. माझा स्वभावच तसा. सातिवलीला माझं लहानसं वर्कशॉप आहे. ग्रिल, लोखंडी दरवाजे, जिने असली कामं करतो. दिवसभर मशीनच्या वर आवाज चढवून बोलायचं, ती सवय घरी आलो तरी सुटत नाही. बायको म्हणते, "अहो, आम्ही बहिरे नाही आहोत." तरी मी ओरडूनच बोलतो.

जायचं कारण मात्र माझं नव्हतं, आईचं होतं. आईची थोरली बहीण सिस्टर आहे, म्हणजे मठात गेलेली. पाचूबंदरच्या कोळ्याच्या घरातली ही मुलगी एकोणिसाव्या वर्षी घर सोडून गेली आणि पुढे तिच्या संस्थेने तिला श्रीलंकेत पाठवलं, जाफन्याजवळच्या एका शाळेत शिकवायला. तिकडे लढाई चालू होती तेव्हाही ती तिथंच. आता म्हाताऱ्या सिस्टरांसाठी असलेल्या घरात राहते. आम्ही तिला सिस्टरमावशी म्हणतो, आई नुसतं 'बाय' म्हणते. पाच-सहा वर्षांनी एकदा ती सुट्टीवर यायची. शेवटची आली त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून दर रविवारी दुपारी फोनवर व्हिडिओ. दोघी एकमेकींना आज काय जेवलात ते विचारतात आणि मग नुसत्या बघत बसतात.

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या सुमाराला तिथल्या मुख्य सिस्टरचा फोन आला. माझ्या धाकट्या बहिणीने घेतला, ती माणिकपूरला शाळेत शिक्षिका आहे, तिचं इंग्रजी आमच्यात बरं. सिस्टर म्हणाली, मावशी हळूहळू विसरायला लागली आहे. कधी शाळेचं नाव, कधी दिवस, कधी आपल्या खोलीचा दरवाजा. घरची माणसं अजून आठवतात. भेटायचं असेल तर लवकर या.

आई ओट्यावर बोंबील साफ करत होती. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि एवढंच म्हणाली, "मना जायचंय. ती मना वलखते तवर जायचंय." आई चौऱ्याहत्तर वर्षांची. आयुष्यात तिने माझ्याकडे 'मला हे पाहिजे' असं काही मागितलं असेल तर ते हेच.

बहिणीने दोन दिवसांत सगळं शोधून काढलं. मुंबईहून चेन्नई, चेन्नईहून जाफना, दोन विमानं. विमानतळावर व्हीलचेअर मिळते. तिकडून मठाची गाडी न्यायला येईल. "दादा, पासपोर्ट हातात आला की पंधरा दिवसांत जाऊन येऊ," ती म्हणाली. किती सरळ होतं! आणि मला ते सरळ आहे म्हणूनच आवडलं नाही. कारण त्यात मी कुठंच नव्हतो. माझी गाडीही नव्हती.

गाडी नवी होती, सात आसनांची. फादरांकडून आशीर्वाद घेऊन सहा महिने झाले होते आणि तिने अजून घाटसुद्धा बघितला नव्हता. मी म्हटलं, विमानात बसून काय दिसतं? ढग! गाडीने जाऊ. पुणे, कोल्हापूर, बेंगळुरू, तंजावर, मग वेलंकणी. आईला वेलंकणीच्या मातेचं दर्शन होईल, तिची तीही इच्छा आहेच. वेलंकणीच्या बाजूलाच नागपट्टण, तिथून बोट सुटते ती थेट श्रीलंकेला. गाडी बोटीवर चढवायची, पलीकडे उतरवायची, आणि मठाच्या दारात हॉर्न वाजवायचा. तिकडेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, हे मी कोणी न विचारताच प्रत्येकाला सांगत होतो.

बहिणीने तेव्हाच विचारलं होतं, "दादा, ती बोट गाड्या घेते का, बघितलंस?"

मी तिच्याकडे असं काही बघितलं, जणू तिने पृथ्वी गोल आहे का विचारलं. अगं, आपल्या किल्ल्याच्या जेट्टीवरून भाईंदरला जाते ती रो-रो ट्रकसुद्धा घेते! एवढीशी खाडी, तरी गाड्या रांगेने चढतात. विरारहून सफाळ्याला जाते तीही घेते. आणि दोन देशांमधली बोट घेणार नाही? "तू पोरांना शिकव, मला शिकवू नकोस," असं मी तिला सगळ्यांसमोर म्हणालो. आता तो क्षण आठवला की कानशिलं गरम होतात. वसईच्या माणसालाच अशी चूक सुचावी. रोज डोळ्यांसमोर गाड्या बोटीवर चढताना बघायच्या आणि समजायचं की जगातली प्रत्येक बोट तशीच.

मग चार महिने माझा काय थाट होता! चर्चच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मी रस्ता काढला, मुक्काम लिहिले, भिंतीला लावला. येणारा-जाणारा बघायचा. गाडी परदेशात न्यायला वेगळे कागद लागतात असं कोणीतरी म्हणालं, तर मी म्हटलं, ते बंदरावर होऊन जाईल. आईचा पासपोर्ट आला. आईने मावशीसाठी सामान काढलं, सुकेळी म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी, सुका बोंबील, घरचा मसाला, लोकरीची शाल. मधल्या काळात दोन-तीन रविवारी मावशीने फोनवर आईला त्यांच्या वडिलांबद्दल, म्हणजे माझ्या आजोबांबद्दल विचारलं, होडी आली का म्हणून. आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली. आई फोन ठेवल्यावर मला विचारायची, "कवा निघायचं रे?" मी म्हणायचो, जानेवारी. थंडी आहे तोवर गाडी चालवायला बरं.

आमच्याकडे वेलंकणीला कोणी निघालं की अख्खी आळी त्याच्याकडे मेणबत्त्या देते. आपल्या नावाने तिकडे लावायच्या. कोणी मेणाचा हात देतं, कोणी डोळे, कोणी घडी घातलेल्या चिठ्ठीत आपलं मागणं. डिसेंबर लागला तोवर आमच्या पुढच्या खोलीत दोन मोठ्या पिशव्या भरल्या होत्या. लोक दारात उभे राहून गाडीवर हात फिरवायचे आणि मला म्हणायचे, "नशीब काढलं तुझ्या आईनं." मी भाव खायचो. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटायचं.

बोटीचं तिकीट काढायला मी बसलो तो नाताळच्या पंधरा दिवस आधी, वर्कशॉपमध्ये, दुपारचा डबा खाऊन. मोबाइलवर फॉर्म उघडला. नाव, वय, पासपोर्ट नंबर, बॅगेचं वजन. गाडीचा नंबर कुठं लिहायचा ते मी शोधतोय. वर बघितलं, खाली बघितलं, पुन्हा पहिल्यापासून केलं. शेवटी फोन लावला आणि माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, गाडी घेऊन येतोय, किती आधी यावं लागेल?

पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "सर, ही माणसांची बोट आहे. गाडी नाही जात."

मी म्हटलं, पैसे भरून? तो म्हणाला, पैसे भरून पण नाही. तो हसला असता तर मी त्याच्यावर ओरडलो तरी असतो. तो हसला नाही. फोन ठेवला आणि पाचावर धारण बसली.

आता इथं मला नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं यावरच आहे. उपाय होता. अगदी सोपा होता. गाडी नागपट्टणला धक्क्यावर लावायची, आईला हाताला धरून बोटीत बसवायचं, पलीकडे टॅक्सी करायची. झालं. किंवा बहिणीला म्हणायचं, बाई, तुझं बरोबर होतं, काढ विमानाची तिकिटं. हे मला सुचलं नाही असं नाही. दोन्ही सुचलं, त्याच दुपारी, त्याच खुर्चीत. पण दोन्हीत मला तोंड उघडून सांगावं लागणार होतं की मी न बघता, न विचारता चार महिने फुशारक्या मारल्या. बहिणीच्या चेहऱ्यावर काय उमटेल, आळीतले काय म्हणतील, 'काय रे, बुडाली का गाडी?' म्हणून कोण कोण विचारील, ते सगळं मला दिसायला लागलं. आई काय म्हणेल ते मात्र मनात आलं नाही.

त्याच संध्याकाळी मला आईचे रिपोर्ट आणायचे होते. तिचा उजवा गुडघा दुखतो, लांबच्या प्रवासाआधी दाखवून घेतलेलं बरं म्हणून एक्स-रे काढला होता. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "वयाप्रमाणे झीज आहे. खुशाल न्या. दर दोन तासांनी उतरवून चार पावलं चालवा." मी मान हलवली. माणिकपूरपासून घरापर्यंत गाडी चालवताना माझ्या डोक्यात थाप तयार झाली. घरात शिरलो, फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "डॉक्टर नको म्हणतात. एवढा प्रवास पायाला झेपणार नाही."

आईने आपल्या गुडघ्याकडे बघितलं. तिने विचारलं, "कवापर्यंत नको बोलला?"

"निदान पावसाळ्यापर्यंत," मी म्हटलं. कुठून आलं तोंडात, देव जाणे.

बहिणीने फोनवर विचारलं, मग विमानाने? मी म्हटलं, डॉक्टर प्रवासच नको म्हणाले, कसलाच नको. एक थाप मारली की तिला राखायला दुसरी लागते. रविवारी मावशीचा व्हिडिओ आला तेव्हा आईला बोलता येईना, म्हणून फोन मीच हातात घेतला आणि मीच तिला सांगितलं, "सिस्टरमावशी, आईचा पाय खराब आहे, डॉक्टर नको म्हणाले, आता नाही येत." मावशीने विचारलं, "कुठला पाय?" मी म्हटलं, "उजवा." तेवढं मात्र खरं होतं.

आईने बॅगेतून सुकेळी आणि बोंबील काढले, वास लागेल म्हणून, आणि शेजारी वाटून टाकले. माझ्या बायकोला म्हणाली, "माझ्यापायी तुमची सगळ्यांची हौस राहिली गो." बायकोने तिला जवळ घेतलं. मी उठून बाहेर गेलो आणि गाडी धुवायला घेतली, धुतलेलीच होती.

मेणबत्त्या परत करायला गेलो तर कोणी घेईना. "राहू दे, पाय बरा झाल्यावर जाल तेव्हा न्या." उलट आळीतल्या क्रुसापाशी रोझरीच्या जपात आईच्या पायासाठी खास प्रार्थना सुरू झाली. पन्नास माणसं गुडघे टेकून एका थापेसाठी देवाला आळवतायत आणि मी पुढच्या रांगेत! मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण उठून खरं सांगावं एवढी धमक नव्हती. लोकांनी तेलं आणून दिली. जूचंद्रच्या बाजूचा कोणी हाडवैद्य आहे, त्याच्याकडे शेजारणी आईला रिक्षाने घेऊन गेल्या. त्याने पाय असा काही ओढला की आईला दोन दिवस भिंत धरून चालावं लागलं. चांगला होता तो पाय, माझ्या बोलण्याने दुखायला लागला.

जानेवारीत, ज्या आठवड्यात आम्ही निघणार होतो त्याच आठवड्यात, आई मला म्हणाली, "बोटीला चढायला शिडी असते ना? तशी एक करून दे मना. तू लोखंडाचा करतोस ना काम. मी सवय करते. पावसाळ्यानंतर चढायला आली पायजे."

मी नाही कसं म्हणणार? करून दिली. जाळीच्या पत्र्याच्या सहा पायऱ्या, दोन्हीकडे कठडा, आईच्या उंचीचं माप घेऊन. कडा घासून गुळगुळीत केल्या, तिच्या हाताला लागू नयेत म्हणून. मी इतकं मन लावून कुठल्या गिऱ्हाइकाचं काम केलं नसेल. रोज सकाळी चहा झाला की आई अंगणात त्या शिडीवर चढायची आणि उतरायची, तोंडाने मोजत. दहा वेळा, मग पंधरा, मग वीस. लहानपणी ही बाई पाचूबंदरला गुडघाभर पाण्यातून बापाच्या होडीत उडी मारायची. मी दाढी करताना खिडकीतून बघायचो आणि दुसरीकडे तोंड फिरवायचो. लाज वाटत होती. पण लाज वाटणं आणि कबूल करणं यांत फार अंतर असतं, ते मी तीन महिने कापलं नाही.

पुढे लिहावंसं वाटतं की ईस्टरआधीच्या उपवासकाळात मला सद्बुद्धी झाली. तसलं काही झालं नाही. माझी बहीण घरी आली, आईला शिडीवर धापा टाकताना बघितलं आणि म्हणाली, "दादा, रिपोर्टची फाईल दे. माझ्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवते." फाईल कपाटात होती. मी म्हटलं, सापडत नाही. ती म्हणाली, मी शोधते. तेव्हा, म्हणजे चोर पकडला जायच्या दोन मिनिटं आधी, मी खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. बोट, फोन, फॉर्म, डॉक्टर काय म्हणाले ते, सगळं. पहिल्यांदाच हळू आवाजात बोललो. आई शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभी होती, दोन्ही हातांनी कठडा धरून. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

मला वाटलं ओरडेल, रडेल. मला तर ओरडा खायचाच होता. तेवढाच निचरा झाला असता.

तिने विचारलं, "म्हंजे माजा पाय बरा हाय?"

"हो."

"तवा पन बरा होता?"

"हो."

मग ती बहिणीकडे वळली. "विमानाचा बघ. कवाचा मिलतो?"

मी म्हटलं, मीही येतो, सामान धरायला. आई म्हणाली, "तू नको येव." रागाने नाही म्हणाली. भाजीवाल्याला आज नको सांगावं तसं म्हणाली. आणि ते मला अजून लागतं.

ईस्टर झाल्यावर दोघी गेल्या, आठ दिवसांनी परत आल्या. मी विमानतळावर न्यायला गेलो. आई मागच्या सीटवर बसली, बहीण पुढे. ट्रॅफिक होता. घोडबंदरच्या फाट्याशी मलाच राहवलं नाही. "आई, मावशीने ओळखलं का गो?"

बहिणीने माझ्याकडे बघून मान हलवली, विचारू नकोस अशी. पण आई बोलली, खिडकीबाहेर बघत, अगदी साध्या आवाजात.

"मना इचारला, तू कुठची गो बाय? मी बोलले, वसयची. तर बोलली, वसयला माजी बहीन हाय. ती येनार होती मना भेटायला. पन तिचा पाय खराब हाय, डॉक्टर नको बोलला. तिच्या पोरान सांगितला."

मी गाडी चालवत राहिलो. थांबायला जागा नव्हती.

"मी बोलले, बाय, मीच ती. हा बघ माजा पाय, बरा हाय. तर तिनं माज्या पायावर हात ठेवला आनि डोले मिटून प्रार्थना करायला लागली. तिच्या बहिनीच्या पायासाठी. मना बोलली, तू पन कर. मी केली."

थोड्या वेळाने तिने पाणी मागितलं. बहिणीने बाटली मागे दिली. पाणी पिऊन आई म्हणाली, "तिथल्या सिस्टर सांगत होत्या. बाकी सगला विसरली ती. नाव पन विसरते स्वताचा. ही प्रार्थना नाय विसरत. नातालपासून रोज करते, सांजची."

रविवारचा फोन आता आई लावत नाही. संध्याकाळी सातला चर्चची घंटा होते, तिकडेही तेव्हा सातच वाजलेले असतात, तिथलं घड्याळ आणि आपलं एकच आहे. तिकडे मावशी गुडघे टेकत असेल. इकडे आई ओट्यापाशी उभी असते, दोन्ही पायांवर.